रीडकाका

भिलाईतल्या सुपेल्याच्या घडी चौकात कुणाही दुकानदाराला ‘रीड कुठे मिळेल?’ असं विचारून बघा. कशाची रीड, हे तो विचारणारच नाही. हातातलं काम न सोडता हनुवटीनंच दिशा दाखवील आणि म्हणेल, ‘‘अंदर गली में चले जाओ, अंकल के यहाँ.’’ मागणारा भजनी मंडळाचा असो, बँडवाला असो, मोटारसायकलवाला असो, सगळ्यांची वाट एकच. मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून, कण्हत कण्हत आले. त्यांना ‘रीढ़ की हड्डीवाले डॉक्टर’ हवे होते. पोरांनी त्यांनाही तिथंच धाडलं. काकांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘सिंगल है कि डबल?’’

गृहस्थ म्हणाले, ‘‘कमर में है जी.’’

‘‘मतलब नीचे का. खरज का. आवाज करता है?’’

‘‘उठते-बैठते करता है.’’

‘‘तो हवा खा रहा होगा. खोलना पड़ेगा.’’

आले होते वाकून, गेले ताठ, असं काकू सांगतात.

यात पोरांचा दोष निम्माच. काकांच्या ओट्यावर पाटी लावायची ठरली तेव्हा पेंटरनं ‘रीढ़ (सब प्रकार)’ असं रंगवून आणलं होतं. काकांनी त्याला समोर बसवून ‘ढ’चा ‘ड’ करून घेतला, पण खालचा नुक्ता काही पुरता पुसला गेला नाही. तो अजून अधूनमधून पेशंट पाठवतो.

प्रत्येक वस्तीत असा एक जण असतोच. कुणाला रेल्वेच्या वेळापत्रकानं झपाटलेलं असतं, कुणाला मूळव्याधीवरच्या झाडपाल्यानं, कुणाला १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानं. आमच्या काकांना एक शब्द लागला. मांत्रिकाचा उपयोग नव्हता. मांत्रिक आला असता तर काकांनी त्याच्या हातातल्या वेताचं कूळ आधी विचारलं असतं. त्यांचं खरं नाव आमच्या भजनी मंडळाच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात आहे म्हणतात. बाकी सगळीकडे ते रीडकाका. छत्तीसगडी पोरं नुसतं ‘कका’ म्हणतात.

काका मूळचे नागपूरचे, विणकराच्या घरातले. भिलाईचा पोलाद कारखाना रशियनांच्या मदतीनं उभा राहिला, १९५९ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पुढं वीस-पंचवीस वर्षं देशभरातनं माणसं इथं येत राहिली. मल्याळी आले, तेलुगू आले, बंगाली आले, पंजाबी आले. नागपूर तर रेल्वेनं काही तासांवर, तेव्हा आपली माणसंही शिदोरी संपायच्या आत येऊन पोचली. काका कारखान्याच्या वीज विभागात लागले. रिटायर झाले, सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं आणि रुळांच्या अलीकडे, सुपेल्याच्या गल्लीत दोन खोल्या आणि एक ओटा बांधला. दोन खोल्या काकूंच्या, ओटा रीडचा.

हे सगळं सुरू झालं ते एका मीटरमुळं. जुन्या पॅनेलवर विजेची फ्रिक्वेन्सी दाखवणारं एक मीटर असायचं. त्यात काटा नाही, आकडा नाही. काचेमागं पोलादाच्या अरुंद पात्यांची एक रांग, टोकं पांढरी रंगवलेली. प्रत्येक पातं वेगवेगळ्या कंपनाला लावलेलं: सत्तेचाळीस, साडेसत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, असं करत त्रेपन्नपर्यंत. वीज पन्नासची असली की पन्नासचं पातं जोरात थरथरायला लागतं, त्याचं टोक पसरून पांढरी पट्टी दिसते. शेजारची दोन थोडी थोडी हलतात. बाकीची ढिम्म. थेट आमच्या मंडळाच्या सभेसारखं: एक जण बोलतो, बाजूचे दोघं मान डोलावतात. या पात्यांना रीड म्हणतात, आणि या मीटरला रीड टाइप मीटर.

काका तेव्हा सेक्टरातल्या एका भजनात टाळ वाजवायचे. रात्रपाळीला मीटरसमोर बसल्या बसल्या त्यांना एकदम उमगलं की हे तर पेटीतलंच पातं. तिथं वाऱ्यानं हलतं, इथं विजेनं. झालं! इतर लोक अशा वेळी चहा मागवतात. काकांनी वही उघडली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘रीड’, आणि खाली दोन आकडे टाकले: १. पेटी. २. पॅनेल. ती वही आता फुगून तिप्पट झालीय आणि तिला काकूंच्या जुन्या पातळाचा काठ बांधून ठेवावा लागतो.

आता त्या ‘सब प्रकार’बद्दल सांगितलं पाहिजे. काकांकडे सगळ्या प्रकारच्या रीड आहेत ही गोष्ट खरी, पण एकेकच आहे. विकायला काहीच नाही. त्यांचं दुकान नव्हेच ते. ती तुमच्या गरजेला समोर बसवून ज्ञान देण्याची जागा आहे. लग्नसराईत रस्त्यावर वरात उभी असते, क्लॅरिनेटवाल्याची रीड चिरते आणि पोरगं धावत येतं: ‘‘कका, दू नंबर के रीड हे का?’’ काका चष्मा पुसतात. खोक्यातून एक काडी काढतात, तिच्यावर छापलेला अडीचचा आकडा दाखवतात. हा आकडा जाडीचा नाही, कडकपणाचा. ही काडी म्हणजे नळाचं गवत. आपल्याकडे ओढ्याकाठी उगवतं तसलंच, पण फ्रान्सच्या दक्षिणेला व्हार म्हणून एक मुलूख आहे, तिथलं सगळ्यात नामी. ते कापतात, वाळवतात. आपल्याकडे सनईच्या पत्तीचं नरकट बिहारात, डुमरावकडे, शोण नदीच्या काठचं. डुमराव म्हणजे बिस्मिल्ला खाँसाहेबांचं गाव, बरं का! पोरगं एका पायावरून दुसऱ्या पायावर होतं. ‘‘कका, बरात निकल गे हे.’’ काका म्हणतात, ‘‘नवरदेव तर घोड्यावर आहे ना? मग काहून घाई?’’

गॅरेजवाला पोरगा येतो तो यामाहा आरएक्स १०० चा रीड व्हॉल्व्ह घेऊन. त्या गाडीचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, पण सुपेल्यात तिचे भक्त अजून आहेत. त्यांच्या सायलेन्सरवरून गल्लीला ते येत असल्याचं कळतं. कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मध्ये पातळ पाकळ्यांची झडप असते. इंजिनानं श्वास ओढला की पाकळ्या उघडतात, उलटा यायला लागला की मिटतात. पाकळीचं टोक तुटलं की गाडी ढेकरा देते. काका ती पाकळी बोटावर धरतात, नखानं टिचकी मारतात, कानाशी नेतात आणि म्हणतात, ‘‘आपल्या भात्यातही अशीच झडप असते. तुझी गाडी म्हणजे पेट्रोलवर चालणारी पेटी आहे.’’ पोरगं हे वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवतं आणि त्यावर पन्नास रुपये जास्त घेतं, अशी माझी माहिती आहे.

तिसरा म्हणजे दाराला चोरघंटी बसवणारा. त्याची रीड काचेच्या नळीत असते. तांदळाच्या लांब दाण्याएवढी नळी, आत लोखंडी जातीची दोन बारीक पाती, टोकाला टोक लागत नाही इतपत जवळ. चुंबक जवळ आणलं की पाती चिकटतात, विजेची वाट पुरी होते. नेलं की सुटतात. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीत १९३०च्या दशकात हा शोध लागला. काका हा प्रयोग फ्रिजवरच्या डोंगरगडच्या बमलेश्वरीच्या चुंबकानं करून दाखवतात. नळीला दिवा जोडलेला असतो. देवी जवळ आली की लागतो, दूर गेली की विझतो. शेजारच्या दोन म्हाताऱ्या नवरात्रात मुद्दाम येऊन नमस्कार करून जातात. काकांनी त्यांना विज्ञान समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी नारळ ठेवला.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची हकीकत मला काकूंनी सांगितली. स्थळ इचलकरंजीचं, मुलाकडे यंत्रमाग. बैठकीत मामा लोक पगारपाणी, घरदार, मुलाची व्यसनं असल्या किरकोळ गोष्टी विचारत होते. काका गप्प. शेवटी घसा खाकरून मुलाला म्हणाले, ‘‘रीड किती, पीक किती?’’ मुलगा सावरून बसला. इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत कापडाची कुंडली याच दोन आकड्यांवर मांडतात: उभे धागे रीडवरून, आडवे पीकवरून. रीड म्हणजे मागावरची फणी, दोन इंचांत तिची घरं किती यावर तिचा नंबर. मुलगा घडाघडा बोलायला लागला. काकांनी आत जाऊन आजोबांची बोरूच्या काड्यांची फणी आणली. नागपूरला ती हातमागावर होती, आता ओट्याच्या भिंतीवर तसबिरीच्या जागी असते. मग दोघं तिच्यावर वाकून बसले. बाकीच्यांचे पोहे थंड झाले. ‘‘मुलगी कशी आहे हे त्या पोरानं विचारलंच नाही,’’ काकू म्हणतात, ‘‘आणि यांनी सांगितलं नाही. फणीवर लगीन ठरलं बाप्पा.’’ संसार सुखाचा आहे, हे मुद्दाम नमूद करतो.

काकांच्या वहीत दार्शनिक विभागही आहे. तुकोबांचा लव्हाळा आहे, रूमीच्या मसनवीच्या आरंभी रडणारी बासरी आहे, फ्रान्सच्या पास्कलनं माणसाला विचार करणारं गवत म्हटल्याची नोंद आहे. रशियन पुस्तकांचे गठ्ठे भिलाईत एके काळी पाण्याच्या भावानं मिळत. त्यात काकांना ‘दस दिन जब दुनिया हिल उठी’ सापडलं. लेखक जॉन रीड! अमेरिकन असून क्रेमलिनच्या भिंतीशी पुरलेला. काकांनी क्रांतीशी कसलाही संबंध न ठेवता ते पुस्तक संग्रहात घेतलं. नोंद क्रमांकासमोर शेरा आहे: ‘व्यक्ती. वाजत नाही.’

पण काकांचा लाडका विषय बोरू. मी वर नागपूरकरांचं सांगितलं, पण मराठी माणूस छत्तीसगडात कारखान्याबरोबर आलेला नाही. १७४१ मध्ये भोसल्यांचा भास्करपंत फौज घेऊन आला, पुढं बिंबाजी भोसल्यानं रतनपूरला बसून १७५८ ते १७८७ कारभार पाहिला. रामटेकडीवरचं राममंदिर त्याच्याच काळातलं. इतिहासकार यात घोडदळ बघतात. काकांना फक्त कारकून दिसतो. त्यांचं म्हणणं असं की तलवारीनं मुलूख मिळतो, पण महसूल मिळतो तो तिरपा काप घेतलेल्या बोरूनं. हात न उचलता धावणारी मोडी लिहायची तर गवताच्या टाकासारखी वस्तू नाही. ‘‘लोकं आपल्याले बोरूबहाद्दर म्हणून हिणवतात,’’ ते म्हणतात, ‘‘पण बहाद्दर तर म्हणतात ना?’’ पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे, राजनांदगावला कॉलेजात शिकवणारे मुक्तिबोध, ही मराठी घरातली माणसं हिंदीत मोठी झाली, त्यांचाही हिशेब काका बोरूच्याच खात्यात मांडतात. मुक्तिबोध बोरूनं लिहीत नव्हते, हे मी एकदा सुचवून पाहिलं. ‘‘निब म्हणजे काय?’’ काका म्हणाले. ‘‘लोखंडाचा बोरूच.’’ या युक्तिवादानं जगातली कोणतीही लांबट वस्तू रीड ठरते, पण तेवढा वेळ घेऊन वाद घालणारा अजून सुपेल्यात जन्मायचा आहे.

काकूंचं मत वेगळं असतं आणि ते त्या स्वयंपाकघरातून सांगतात. ओट्यावरच्या व्याख्यानाला त्यांची आतून साथ असते. वीज कंपनीचा माणूस मीटरचं रीडिंग घ्यायला येतो तेव्हा मात्र त्या स्वतः बाहेर येतात, त्याला ओट्याला वळसा घालून मागच्या दारानं आत घेतात आणि तसाच बाहेर काढतात. एकदा तो चुकून पुढून शिरला आणि म्हणाला, ‘‘अंकल, रीड करना है.’’ त्या महिन्यात आमच्या गल्लीत कुणालाच बिल वेळेवर आलं नाही.

असल्या माणसाकडे आमच्या भजनी मंडळानं आपली एकुलती एक पेटी दिली. शहाणपणाचं काम नव्हतं, पण पांढरी सहा दाबली तरी गप्प आणि काळी दोन न दाबताच बोलती, अशा पेटीवर गणपती कसा निभावणार? कलकत्त्याची डबल रीडची पेटी, खर्ज आणि नर. आषाढात दिली. काका म्हणाले, ‘‘चार दिवसांत घेऊन जा.’’

मी पेटी उघडताना मुद्दाम बसून होतो. काकांनी वरचं झाकण काढलं आणि फुंकर न मारता आधी वास घेतला. ‘‘कापूर,’’ ते म्हणाले. आतून निघालं ते असं: कापराचा चुरा, अक्षता, एका झुरळाचा पुरा सांगाडा आणि पाच पैशांचं ॲल्युमिनियमचं चौकोनी नाणं. नाणं काळी दोनच्या झडपेखाली अडकलं होतं. झडप मिटत नव्हती म्हणून सूर अखंड चालू. काकांनी चिमट्यानं ते उचललं. दुखणं संपलं. पांढरी सहाच्या पात्याखाली अक्षतेचा कण होता, तोही काढला. मी पेटी उचलायला उठलो.

‘‘बैस,’’ काका म्हणाले. ‘‘रीडा उतरल्या आहेत.’’

रीड म्हणजे पितळेची बोटभर पट्टी. तिला लांबट खाच, खाचेवर पितळेचंच पातं: एक टोक रिव्हेटनं जखडलेलं, दुसरं मोकळं. वारा खाचेतून जाताना पातं खाली-वर होतं आणि सूर निघतो. एवढंच यंत्र. चांगल्या रीडा गुजरातेत पालिताण्याला होतात. जैन लोक तिथं शत्रुंजयाच्या यात्रेला जातात, काका रीड बघायला गेले होते आणि डोंगर न चढता परत आले. त्यांनी पात्याखाली दाढीच्या ब्लेडचा तुकडा सरकवला, पातं आधारावर आलं. मग कोरणीनं मोकळ्या टोकाशी दोन रेघा ओढल्या, इतक्या हलक्या की ब्लेडवर पितळेची धूळ तेवढी दिसली. पट्टी ओठांशी धरून श्वास ओढला. सूर केसभर चढला होता.

‘‘टोकाशी खरवडलं की हलकं होते, सूर चढते. रिव्हेटपाशी खरवडलं की लवचीक होते, सूर उतरते,’’ काका म्हणाले. ‘‘आणि सारखं दोन्हीकडनं खरवडत राहिलं की पातंच संपते.’’

‘‘माह्यासारखं,’’ आतून आवाज आला.

दोन रीडा जवळजवळ जुळल्या की त्यांच्यात वाँव-वाँव अशी लाट येते. जुळत आणल्या की लाट लांबत जाते आणि एका क्षणी नाहीशी होते. काका त्या क्षणाची वाट बघत डोळे मिटून बसायचे. खरं सांगतो, त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. गाणं ऐकणाऱ्याचाही इतका सुखी नसतो. आणि गंमत अशी की काकांना पेटी वाजवता येत नाही. कुणी आग्रह केला तर एक षड्ज दाबून मिनिटभर धरतात आणि विचारतात, ‘‘ऐकलं?’’

हरेली झाली, गेडीवर चढलेली पोरं गल्लीतून गेली, पेटी ओट्यावरच. राखी झाली. मी गेलो तर काकांनी पेटीचा जन्म सांगितला: पॅरिसच्या दबँनं १८४० च्या सुमारास केली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला पायावरून हातावर आणली. पोळा झाला. मी गेलो तर आकाशवाणीवर संताप. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ ला कशीबशी सैल झाली. पेटीत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे कारण. ते खोटं नाही, हे काकांनाही ठाऊक आहे. म्हणून तर ठाण्याच्या विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली. पण तेवढ्यावर काकांचं समाधान नाही. ‘‘सनईले बंदी नाही, क्लॅरिनेटले बंदी नाही. त्यायच्यात रीड नाही काय? गवताची चालते, पितळेची काहून नाही चालत?’’ मी म्हटलं, ‘‘काका, आकाशवाणीनं एकतीस वर्षांत सोडली, तुम्ही कधी सोडता?’’ ते ऐकू गेलं नाही. आत गेलं, कारण भांडी जोरात वाजली.

तीजाच्या माहेरपणाला गल्लीतल्या लेकी येऊन पोचल्या तरी पेटी ओट्यावरच. काका आता फक्त रात्री, रहदारी थांबल्यावर, काम करत. ओट्याच्या उजव्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, सतरंजी टाकून बसत. आम्हाला वाटलं, तिकडे उजेड बरा असेल.

गणपतीच्या दिवशी दुपारी पेटी आली. झाकणाला नवा मखमली पट्टा, पट्ट्या लिंबानं स्वच्छ केलेल्या. आमच्या पेटीवाल्यांनी भाता मारला आणि सूर धरला. काय सांगावं! खर्ज आणि नर असे मिळाले होते की एकच आवाज वाटावा. अध्यक्षांनी वेळेबद्दल तयार केलेलं भाषण गिळलं आणि काकांना शाल दिली.

यंदा मंडळात एक नवा मुलगा होता, सेक्टरातला, इंजिनिअरिंगचा. तो कीबोर्ड घेऊन आला. संध्याकाळी आरतीला दोघांनी मिळून पांढरी पाच धरली आणि मंडपात अशी लाट उठली की पहिल्या रांगेतली लहान मुलं कान झाकून हसायला लागली. वाँव-वाँव-वाँव. सगळ्यांनी कीबोर्डकडे बघितलं. त्यानं फोनवर काहीतरी काढून पेटीसमोर धरलं आणि अदबीनं म्हणाला, ‘‘काका, पेटी चढी आहे. हिची पांढरी पाच चारशेवर बोलते. तीनशे ब्याण्णव पाहिजे.’’

‘‘जपानात,’’ काका म्हणाले.

मग उलगडा झाला. काकांनी पेटी मिळवली होती ती गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरशी. वीज पन्नासची, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो शंभरात. शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे. ग्रिडला नियम आहे, ४९.९० ते ५०.०५ च्या आत राहायचं. ‘‘एवढी सुरात राहणारी वस्तू अख्ख्या मंडळात एक तरी दाखवा,’’ काका अध्यक्षांना म्हणाले. ‘‘घडी चौकातलं घड्याळ दुपारी बंद पडते, फोन कोणत्या कंपनीचा कोण जाणे. हिशेबाले पक्की धरावी तर वीजच. मंडपातला पंखा, माइक, ट्यूबलाइट, सगळे याच सुरात गुणगुणतात. पेटीनं त्यायच्यात मिसळावं की नाही?’’

यावर काय बोलणार? पंखा खरोखरच गुणगुणत होता. अध्यक्ष मान वर करून त्याच्याकडे बघत राहिले. ताटातला कापूर विझायला आला होता. कुणीतरी म्हणालं, कीबोर्ड बंद करा. कुणी म्हणालं, पेटी बंद करा. काका म्हणाले, दोन्ही राहू द्या, वीज मंडळाला एकोणपन्नास करायला सांगा, तीनशे ब्याण्णव होते. हिशेब अचूक होता, पण दिवस सुट्टीचा.

तेवढ्यात त्या मुलानं कीबोर्डवर कुठंतरी दोन-तीन बटणं दाबली. चारशे चाळीसचा आकडा भराभर वर गेला आणि चारशे एकोणपन्नासवर थांबला. त्यानं पांढरी पाच धरली, पेटीनं धरली. लाट गायब. आरती सुरू झाली आणि चांगली झाली.

काका मात्र टाळ हातात धरून उभेच. आरतीभर त्यांची नजर त्या कीबोर्डवर. प्रसाद वाटताना ते मुलाजवळ गेले, खाली वाकून कीबोर्डच्या पोटाला कान लावला, वास घेतला.

‘‘आता जे बदललं, ते कोणती रीड खरवडून?’’

‘‘यात रीड नसतेच काका.’’

‘‘अरे, आवाज येते ना? मग आत काहीतरी हलत असंल.’’

‘‘चिप असते.’’

‘‘चिपेत?’’

मुलानं क्वार्ट्झच्या स्फटिकाबद्दल काहीतरी सांगितलं. तो विजेनं थरथरतो आणि त्याच्या ठेक्यावर सगळं चालतं, असं. काका सरळ झाले. बऱ्याच दिवसांनी नवी नोंद मिळालेल्या माणसाचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर आलं. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, शालीचं टोक सावरलं आणि मायेनं म्हणाले, ‘‘विसर्जन झालं की घरी घेऊन ये. खोलून बघू. चार दिवसांत देतो.’’

मुलगा वळणाचा. ‘‘हो काका, आणतो की,’’ म्हणाला.

बायकांच्या बाजूनं, मोदकांच्या ताटापलीकडून, काकूंचा आवाज आला, ‘‘देऊ नको रे पोरा!’’